अराबा मला विसरत नाही

मी मासळीला धुरी देणारी एक जुनी भट्टी आहे. घानाच्या किनाऱ्यावर, नारळीच्या झाडांपाशी उभी आहे. मित्रांनो, भट्टी कशाला घाबरेल, असं तुम्ही म्हणाल. पण मी घाबरते. माझ्याच धुराला घाबरते.

अराबाने मला लाल मातीने लिंपून उभं केलं, तेव्हा ती नवी नवरी होती. जाळीच्या चौकटींवर ती तारली मासळी मांडायची, चौकटींची चवड माझ्यावर रचायची आणि खालची वर, वरची खाली अशी सारखी फिरवत राहायची. शेवटी उसाची चिपाडं जाळली की मासळीला सोनेरी रंग चढे. बाजारात बायका तिचीच मासळी मागत आणि मी फुलून जायचे. तिची लेक एफुआ तिच्या पाठीला बांधलेली, माझ्या धुरातच वाढली. "धुरात डास येत नाहीत," अराबा सांगे. "धूर खाल्लेलं पोर काटक होतं बघ." मलाही ते खरं वाटायचं.

मग अराबा विसरू लागली. आधी चौकटी फिरवायची विसरली, मासळी करपली. पुढे बाजाराची वाट विसरली. शेजारची मान्सा कुजबुजली, "म्हातारी चेटकीण झाली की काय गं?" मला धडकीच भरली. असा शिक्का बसलेल्या बाईचं काय होतं, ते मी ऐकून होते.

परवा दुपारी तर कहर झाला. एफुआचं तान्हं, एबो, फडक्यात गुंडाळून माझ्याजवळ निजवलं होतं, डास नकोत म्हणून. अराबा आली. तिने ते गाठोडं उचलून रिकाम्या चौकटीवर अलगद ठेवलं आणि चौकट माझ्याकडे आणली. माझ्या पोटात जाळ धडधडत होता. मला ना हात, ना आवाज. तेवढ्यात एबो रडला आणि एफुआ धावत आली.

"आई, ठेव खाली. पोर आहे ते."

"पोर कुठलं? तारली आहे. फिरवायला नको?"

एफुआने लेकराला उचलून छातीशी धरलं.

संध्याकाळी दवाखान्यातली नर्स आली. मान्साला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चेटूकबिटूक काही नाही. हा आजार आहे. वय झालंय, ते आहेच. पण धूर नुसता छातीत राहत नाही बाई, मेंदूलाही बाधतो. आणि या पोराचा मेंदू तर अजून वाढतोय. त्याला इथे निजवू नका."

"आण त्याला माझ्या ओसरीवर," मान्सा ओशाळून म्हणाली. "तिकडे धूर येत नाही."

मित्रांनो, मला उंच धुराडं बसवा. माझ्यात ओली लाकडं आणि प्लास्टिक घालू नका. लेकरांना माझ्यापासून लांब ठेवा. अराबासाठी आता फार उशीर झाला आहे. काल तिने एफुआलाच विचारलं, "तू कुणाची गं?" तरी रोज सकाळी ती न चुकता येते, माझ्या भेगांवर ओली माती लिंपते आणि माझ्या तोंडाशी धुरात बसून राहते. सगळ्यांना विसरून तिने मला तेवढं ध्यानात ठेवलं आहे. मला त्याचीच भीती वाटते.