पावणेपाचचा होकार

कमानीच्या पायाशी, राखाडी रंग संपतो तिथे, एक चकचकीत रेघ होती. बाकी सगळ्या लोखंडावर रंगाचे थर चढलेले, एवढीच जागा घासलेल्या भांड्यासारखी उघडी. धाकटीने पर्समधली मोजपट्टी लावून पाहिली. रुंदी दोन मिलिमीटर.

मागे दीडशेएक माणसं श्वास रोखून छताकडे बघत होती. हे जुनं चर्च कारखान्यात ओतलेले भाग बोल्टांनी जोडून उभं केलेलं. रिव्हेटच्या रांगा, वर काचेचं छप्पर. नवख्याला वाटावं, इथे इंजिनं दुरुस्त होत असतील. गेलं वर्षभर मात्र इथे लोखंड बोलत होतं. ते काय म्हणतं हे एकट्या दुभाष्याला कळायचं. त्याला हे काम कोणी दिलं, हे कोणी विचारलं नव्हतं.

लोखंडातून पलीकडचे पुण्यात्मे बोलतात, एक ठोका म्हणजे होकार, तो समजावत होता. ठोका आला नाही तर पुन्हा विचारायचं, पलीकडे रांग मोठी असते. ढगाळ दिवशी पुण्यात्म्यांचं मौन असतं, त्या दिवशी येऊ नये.

दुसऱ्या बाकावर धाकटीची ताई बसली होती. भावोजी परदेशी कामाला गेले त्याला नऊ वर्षं झाली. पहिलं वर्ष पत्रं आली, मग तीही थांबली. ताई दर शनिवारी लोखंडाला विचारायची, ते येतील का? लोखंड हो म्हणायचं. धाकटी कधीपासून म्हणत होती, माझ्याकडे राहायला ये, मीही एकटीच जेवते. ताईचं उत्तर ठरलेलं: ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? भाजीला जातानासुद्धा ती शेजारणीकडे किल्ली ठेवायची.

धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पाच दिवस कमानीला थर्मामीटर लावून नोंदी केल्या होत्या. त्यातल्या मंगळवारी चर्चमध्ये ती एकटीच होती. काही न विचारता तिने अकरा ठोके ऐकले. त्यानंतर दोन आठवडे ती गप्प राहिली. ताईकडे त्या ठोक्याशिवाय होतं तरी काय?

आज ती बाकावर सरकली आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

"लहानपणी तुला भूत दिसलं असतं तर तू त्याची उंची मोजली असतीस," ताई म्हणाली. मग तिने छताकडे पाहिलं. पावणेपाचला ऊन काचांवरून सरकलं, दुभाष्याने हात वर केला, आणि ताई उठून पुढे गेली.

"ते आता कधीच येणार नाहीत, बरोबर?"

टण्.

दुभाष्या गडबडला. "बाई, असा उलटा प्रश्न चालत नाही."

"मग सरळ विचारते. मी मेलेय का?"

टण्.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दुभाष्या म्हणाला, आज पलीकडे काहीतरी गोंधळ आहे. पण त्याचं वाक्य संपायच्या आत आणखी दोन ठोके पडले, कोणी काही विचारलेलं नसताना.

धाकटीने लोकांना कमानीच्या पायाशी बोलावलं. लोखंड उन्हाने तापलं की लांबतं, ऊन गेलं की आखडतं. त्यासाठी कमानीचा पाय बसवताना जागा मोकळी ठेवलेली आहे. तिथे तो घासून ही रेघ पडली. पाय अडकतो, ताण वाढतो, मग एकदम सरकतो, तोच ठोका. प्रश्न असो वा नसो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ती म्हणाली, उद्या या, पायावर हात ठेवा, काही न विचारता ऐका. एका म्हातारीने तिथेच हात ठेवला. ठोका पडला तशी तिने हात मागे घेतला आणि पुन्हा ठेवला. तिने दुभाष्याकडे पाहिलं तेव्हा तो खांबाआडून बाजूच्या दाराकडे निघाला होता.

माणसं पांगली. दोघी बहिणी बाकावरच राहिल्या. डोक्यावर लोखंड अधूनमधून वाजत होतं.

"मला हे दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं," धाकटी म्हणाली. "तुला सांगवत नव्हतं."

"मला त्याच्याही आधीपासून वाटत होतं." ताईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "घरी कोणी उत्तरच देत नाही गं. इथे निदान आवाज तरी यायचा."

धाकटीने तिचा हात धरला. वर आणखी एक ठोका पडला. या वेळी ताईने मान वर केली नाही.

"शेजारणीकडची किल्ली आजच परत घेते," ती म्हणाली. "उद्या येते तुझ्याकडे. राहायला."