टाचा पुढे असलेला प्रेक्षक

वसईच्या नाट्यगृहातली डोअरकीपरची नोकरी मी रविवारी सोडली. शेवटची विनंती मान्य झाली, तर सोडली नाही असं धरून चाला.

तिसऱ्या घंटेनंतर अंधारात एक गृहस्थ आले. टॉर्च प्रेक्षकाच्या तोंडावर नाही, पायांवर मारायचा असतो. मारला. पाय उलटे होते, टाचा पुढे.

मी मॅनेजर जयवंतकाकांकडे धावलो. "काका, आत भूत आलंय."

काकांनी पेपरातून मान वर केली नाही. "पासवालं आहे का?"

"नाही, तिकीट काढलंय. दोन काढलीत."

"मग बसव की."

मी पुढे, ते गृहस्थ मागे. त्यांचा गार श्वास माझ्या मानेवर येत होता. खुर्चीशी पोचल्यावर ते मायेनं म्हणाले, "दुसरं तुझंच आहे, बाळा. बस."

तरी यापुढील सर्व नाटके प्रेक्षागृहातील दिवे चालू ठेवून सादर करण्यात यावीत, ही नम्र विनंती.