अकरा दुरुस्त्या

मुद्रितशोधकांचा उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. पण जीव जडला तो तीन धुराड्यांच्या एका जुन्या आगबोटीवर. तिची कात्रणं चिकटवून त्यांनी चार वह्या भरल्या होत्या. निवृत्तीनंतर अखेर बायकोला घेऊन ते त्या बोटीवर चढले, तेव्हा कठड्याच्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवताना त्यांना भरून आलं.

"अहो, पुढे सरका, मागे लोक खोळंबलेत," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट दाखवायची फेरी होती. दाखवणारा म्हातारा स्टुअर्ड चाळीस वर्षं बोटीवरच प्रवाशांची सरबराई करत होता. सगळे त्याला मामा म्हणत.

"हा जिना अख्खा सागवानी," मामा रंगात येऊन सांगत होते.

"अक्रोडाचा," मुद्रितशोधक म्हणाले.

लोक हसले. मामाही हसले. "असेल, साहेब."

पुढे मामांनी बोट बांधल्याचं साल चुकीचं सांगितलं, मग भोंग्याचं वजन. मुद्रितशोधकांना गप्प बसवेना. हळूहळू लोक मामांना सोडून त्यांच्याकडेच पाहू लागले, आणि ते त्यांना आवडत होतं. शेवटी शेवटी मामा वाक्य अर्धवट टाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, तोंडी परीक्षेला उभे असल्यासारखे.

केबिनमध्ये येताच त्यांनी सुवाच्य अक्षरात अकरा चुकांची यादी केली.

"कशाला म्हाताऱ्याच्या हात धुऊन मागे लागताय?" बायको म्हणाली.

"लोकांत चुकीची माहिती जाते," म्हणत त्यांनी यादी बोटीच्या कार्यालयात नेऊन दिली.

पुढच्या फेरीला एक तरुण मुलगी आली. कागद बघून तिने सगळं घडाघडा वाचलं. एक चूक नाही. ऐकणारे जांभया देत होते.

दुपारी जेवणाच्या दालनात मामा खरकट्या ताटल्या गोळा करताना दिसले. मुद्रितशोधक जेवण सोडून त्यांच्याकडे गेले.

"मामा, फेरी?"

"काढून घेतली, साहेब. तुमची यादी वाचून दाखवली मला. बरोबर आहे तुमचं. मला कुठे धड वाचता येतं? आमच्या मोठ्या स्टुअर्डनं शिकवलं, तेच सांगत आलो." मामांच्या आवाजात राग नव्हता. "पाणी आणू?"

मुद्रितशोधक तडक कार्यालयात गेले. "ती यादी मला परत हवी आहे."

"उलट आभार तुमचे!" अधिकारी हसला. "मामांना हलवायला आम्ही कधीचं निमित्त शोधत होतो."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मामांच्या कौतुकाचं पत्र लिहिलं. अधिकाऱ्याने ते न वाचताच एका ढिगावर ठेवलं.

यंत्रघर पाहायला जायचा दिवस आला, तरी ते केबिनमधून हलले नाहीत.

"त्यासाठीच तर आलात ना एवढे?" बायकोने विचारलं.

"तोंड नाही मला कुठे जायला."

"मग त्यांना भेटा. इथे बसून काय होणार?"

ते गेले. मामा टेबल पुसत होते. "मामा, चुकलं माझं. मला बोट दाखवाल? तुमच्या पद्धतीनं. मी चकार शब्द काढणार नाही."

मामांनी फडकं नीट पिळलं. "वरच्या मजल्यावर जायची मनाई आहे आता मला, साहेब," ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळले.