जवाच्या शेताची राखण

वर्ष होऊन गेलं, माझा नवरा यिमर मला आजी म्हणतो. "आजी, थोडी कॉफी देता का?" असं मानानं विचारतो. चाळीस वर्षांच्या संसारात कधी मानानं बोलला नव्हता मेला! माझं नाव विचारलं की मात्र आभाळाकडं बघतो.

मीच ठरवलं, याला एकदा सिमियनच्या डोंगरावर न्यायचं, आमच्या जुन्या गावी. तिथं तरी याच्या तोंडून माझं नाव निघेल. सून म्हणाली, "आत्याबाई, तिथं आता आहे काय? नुसतं गवत."

"गवत तर गवत. तुझ्या पत्र्याखाली बसून तरी कुठं उजेड पडलाय?"

गाव उठवून आम्हाला खाली शहराच्या कडेला बसवलं, त्याला बरीच वर्षं झाली. वरचं सगळं जनावरांसाठी राखलेल्या सरकारी उद्यानात गेलं. माझा भाचा अब्दू तिथं राखणदार आहे, खांद्याला बंदूक अडकवून फिरतो. त्यानं खेचर आणलं, यिमरला वर बसवलं. त्याच्या चौकीवर मुक्काम करून सकाळी आम्ही कड्याशी पोचलो.

खरंच गवत हो! माझी चूल होती तिथं तांबडा कोल्हा उंदराच्या बिळाशी कान लावून बसलेला. आमच्या वेळी त्याची टाप नव्हती. भिजल्या मेंढ्यांचा वास, गोठ्यातली ऊब, सगळं एकदम आठवलं आणि मला रडूच फुटलं.

"घरी चला आजी, गारठा आहे," यिमर म्हणाला.

"अहो, हेच आपलं घर."

तो नुसता हसला. उगाच आणलं म्हाताऱ्याला एवढ्या उंचावर!

उन्हं कड्यावर आली तशी वानरं वर यायला लागली. लाल छातीचे, झिपरे नर पुढं, पाठीवर पोरं घेतलेल्या माद्या मागं. रात्र कपारीत काढायची आणि सकाळी वर चरायला यायचं, हा त्यांचा नेम. आमचे जव खाऊन माजले होते मेले. पोरवयात रोज गोफण घेऊन मी बांधावर उभी असायचे, ओरडून ओरडून घसा बसायचा.

यिमर ताडकन उठला. अंगावरच्या चादरीचं टोक दुमडून त्यात दगड घातला, गरगर फिरवला आणि "हाऽऽ हू!" करून सोडला.

अब्दू धावला. "काका, नका! माझी नोकरी घालवाल!"

दगड कळपापाशी पडला. एकाही वानरानं मान वर केली नाही. दगडाची भीतीच राहिली नव्हती त्यांना.

पण यिमरचे डोळे! असे स्वच्छ डोळे मी वर्षभरात पाहिले नव्हते. मी लगेच विचारलं, "मी कोण, सांगा बघू?"

त्यानं अब्दू ऐकत नाही ना ते पाहिलं आणि माझ्या कानाशी आला. "आजी, कुणाला सांगू नका हं. पलीकडच्या बांधावर नुरूची पोर असते ना, हलिमा? मुद्दाम माझ्या शेतात माकडं हाकलते. लई वात्रट! जव निघाले की तिच्या बापाकडं मागणी घालणार आहे. देईल का हो?"

नुरू माझा बाप. हलिमा मी.

"घाल रे बाळा," मी म्हटलं. "बाप आढेवेढे घेईल जरा. पोर केव्हाची तयार आहे."