टेपला शून्य नसतं

आमची ही गेल्यावर दुकान बंद करावं, असं मुलीचं म्हणणं पडलं. मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा तर हातात आकडे लागतात.

"बाबा, गिऱ्हाईक येतं का तरी?"

"येतं की."

"किती?"

"येतं तेवढं येतं."

"हे काय उत्तर झालं?"

माझं दुकान म्हणजे एकच खोली. कापायचं टेबल, मशीन, भिंतीला टेकून एक स्टूल. स्टुलावर ही बसायची. काज-बटण हिच्याकडे असायचं. मी पँट शिवतो, कोट शिवतो, पण माझ्या हातचं बटण टिकत नाही. ही गेल्यावर पहिला शर्ट मी एकट्यानं पुरा करून दिला. तो माणूस दोन-तीन दिवसांत सगळी बटणं मुठीत घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, ही तुमच्याकडची आमच्याकडे आली होती."

मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण खोली घ्यायला तयार होता. मुलीनं तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी आवरून पडदेही लावले होते. मी ते पडदे पाहून आलो. एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली. दिवसभर त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे मी महिन्याभरात हिच्या मागोमाग गेलो असतो. पण पोरीनं हौसेनं लावलेले, बोलणार काय? एवढंच म्हणालो, "दुकान चालतंय."

"मग दाखवा," ती म्हणाली.

तिनं माझा खाकी कागद ओढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली आकडे लिहिले. "याला ठिपक्यांचा आलेख म्हणतात. दिवसाला एक ठिपका. दोन गिऱ्हाइकं आली तर दोनावर ठिपका. परत कधी दोन आली तर त्याच्या डोक्यावर दुसरा. महिन्यानं मी येऊन बघते, गर्दी कुठं आहे ते. तीन-चाराच्या आसपास असली तर दुकान तुमचं. त्याच्या अलीकडे असली तर कव्हरवाला."

"आणि गिऱ्हाईक म्हणायचं कुणाला?"

"तुम्ही सांगा."

"ज्याचं काम हातात घेतलं तो. नुसता पंख्याखाली बसायला आला तो नाही."

"ठरलं."

दुसऱ्याच दिवशी मी त्या कागदातून कॉलरचा साचा कापला. सवयीनं. अर्धे आकडे कॉलरमध्ये गेले, अर्धे केरात. मग म्हटलं, रेघ आणि आकडे तर टेपवरही असतात. जुनी टेप टेबलाच्या कडेला चिकटवली. ठिपक्यांच्या जागी बटणं, टेबलावर एकापुढे एक. बटणांना काय तोटा, हिनं बरण्या भरून ठेवल्या होत्या.

ही बातमी शेजारच्या सलूनवाल्याला कळली. मी गेलो तर दुपारी त्याच्याशी भांडायला कुणी उरणार नव्हतं, म्हणून त्यानं मदत करायचं मनावर घेतलं. एका सकाळी गालाला फेस लावलेला माणूस माझ्या दारात उभा.

"काय पाहिजे?"

"माहीत नाही. त्यांनी सांगितलं, आधी माप देऊन ये, मग उरलेली दाढी करतो."

असे बरेच आले. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक मी धरलं नाही. एकच धरला, कारण त्यानं आलोच आहे तर म्हणून खरंच पँट शिवायला टाकली. सलूनवाला चिडला. "मास्तर, एवढा खरेपणा कुणासाठी?"

"पोरगी बघायला येणार आहे."

"म्हणूनच म्हणतो!"

मधे एकदा बँडवाले आले, अख्खा ताफा, सगळ्यांना नव्या पँटी हव्या होत्या. त्या दिवशी अकरावर बटण लागलं. सलूनवाला चार वेळा येऊन ते बघून गेला.

महिना झाला, मुलगी आली. कागदाचं काय झालं ते मी सांगितलं. ती टेबलाशी वाकली. सलूनवाला वस्तरा हातात तसाच घेऊन दारात.

"हे मस्त केलंत, बाबा. पण ही मोठी बटणं कसली?"

"कोटाची. जे दिवस बरे गेले त्यांना कोटाचं लावलं."

"अहो, चाराच्या मनोऱ्यात सगळी कोटाची, दोनाच्या मनोऱ्यात सगळी शर्टाची. लांबून बघणाऱ्याला चारच उंच दिसणार. ठिपके सगळे एका मापाचे लागतात."

तिनं कोटाची काढून शर्टाची ठेवली. पहिल्या धुण्यात पँट आटावी तसा चाराचा मनोरा आटला.

"ताई, ते सोडा, हे अकरा बघा," सलूनवाला म्हणाला. "अकरा!"

"ते एकटं पडलंय, काका. एका बँडवरून रोजचं दुकान ठरत नाही." मग तिनं तीन आणि चारावर बोट ठेवलं. "पण गर्दी इथं आहे. म्हणजे तुमचं खरं होतं, बाबा."

माझा जीव भांड्यात पडला. सलूनवाल्यानं वस्तरा वर करून नाचल्यासारखं केलं. मी त्याला वस्तरा खाली ठेवायला सांगितलं.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "शून्य कुठंय?"

"टेपला शून्य नसतं," मी म्हणालो. "टोकाची पत्र्याची पट्टी संपली की थेट एक. शून्य कमरेचा माणूस माझ्याकडे कधी आला नाही."

"आला असता तर कापड वाचलं असतं," सलूनवाला म्हणाला.

ती हसली नाही. बटणं मोजत होती. "बाबा, महिन्याला ही कमी पडतात. बाकीची?"

मी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर बटणं टेबलावर ठेवली. "यांना टेपवर जागाच नव्हती."

तिनं ती टेपच्या पत्र्याच्या टोकाअलीकडे, एकापुढे एक मांडायला घेतली. दोनाचा मनोरा मागे पडला. तीनाचा पडला. चाराचाही. रांग इस्त्रीला जाऊन भिडली तेव्हा सलूनवाल्यानं हळूच इस्त्री मागे सरकवली.

"गेलं," तो पुटपुटला. "आता कव्हरं."

मुलगी त्या रांगेकडे बघत राहिली. "इतके दिवस एकही माणूस आला नाही? सकाळपासून रात्रीपर्यंत?"

"काय माहीत."

"काय माहीत म्हणजे? तुम्ही इथंच होतात ना?"

"नव्हतो. शटर उघडलं नाही."

"मला म्हणाले गुडघा दुखतोय," सलूनवाला म्हणाला.

"मग कुठं होतात?"

"घरी. सकाळी चपला घालायचो. मग वाटायचं, जाऊन काय करायचं, स्टूल तसंच असणार. परत काढायचो. पलंगावर हिच्या बाजूला बसायचो. दिवस जायचा."

सलूनवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकानं हाक मारली, तरी तो हलला नाही.

मुलीनं त्या रांगेतलं एक बटण उचललं. "बाबा, हे शून्य नाही."

"मग काय आहे?"

"शून्य म्हणजे दुकान उघडं होतं, तुम्ही बसला होतात आणि कुणी आलं नाही. बंद दुकानात किती आले असते, ते कोण सांगणार? हे दिवस मोजलेच गेले नाहीत. यांना आलेखात बसवता येत नाही." तिनं सगळी रांग ओंजळीत गोळा केली आणि माझ्यासमोर ठेवली. मग नाक पुसलं. "मी गिऱ्हाइकांचं विचारत बसले. तुमचं विचारलंच नाही."

"म्हणजे आपण जिंकलो का हरलो?" सलूनवाल्यानं विचारलं.

"अजून काहीच नाही, काका. निम्म्या दिवसांवरून मी दुकान देऊन टाकत नाही आणि ठेवतही नाही. आणखी एक महिना. बाबा, रोज उघडायचं. कुणी नाही आलं तरी बसायचं. घरी राहिलात तर मी कव्हरवाल्याला हो म्हणणार."

जाताना तिनं माझ्या खडूनं टेपच्या अलीकडे, लाकडावर, एक गोल शून्य काढलं.

दुसऱ्या सकाळी चपला घातल्या आणि त्यांना विचार करायला वेळ न देता निघालो. शटर उघडलं, झाडलं, बसलो. कुणी आलं नाही. सलूनवाल्यानं एक फेसवाला पाठवला, तो मी परत पाठवला. दुपार झाली. स्टुलाकडे बघितलं. घरी जावंसं वाटलं, पण बसलो. संध्याकाळ व्हायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की आज आपलं पहिलं खरं शून्य होणार. मग तर पाणी प्यायलाही उठवेना. दिवे लागल्यावर खडूच्या गोलावर बटण ठेवलं आणि फोन लावला.

"अगं, शून्य!"

"खरंच? दिवसभर बसलात?"

"हललो नाही."

"बाबा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिच्याकडे कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. ती त्यांना म्हणाली, "माझ्या वडिलांच्या दुकानात आज एकही गिऱ्हाईक आलं नाही!" पलीकडचा माणूस बिचारा गप्पच झाला.

फोन ठेवून मी शटरला हात घातला, तर समोर एक जण. कमरेपुढं पिशवी धरलेली.

"मास्तर, चेन गेली."

"दुकान बंद झालं."

"शटर उघडं आहे की."

"शटर उघडं आहे, पण दिवस मोजून झालाय. सांगूनही टाकला. उद्या या."

"उद्यापर्यंत पिशवी धरून हिंडू?" त्यानं पिशवी जराशी बाजूला केली.

"असू दे, असू दे, कळलं."

सलूनवाला पळत बाहेर आला. "मास्तर, घ्या त्याला! याला मी पाठवलेला नाही, आईशप्पथ!"

त्या माणसाला स्टुलावर बसवलं आणि परत फोन लावला.

"अगं, एक आलाय. चेन बदलायचीय. आणि मी तर शून्यावर बटण ठेवून बसलोय. आता कसं करू?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"चेन बसवा, बाबा," ती म्हणाली.