माझी किल्ली कुणी ठेवून घेतली

मी एक जुना ट्रक आहे. वय अठरा वर्षं. माझा डावा आरसा सुतळीने बांधलेला आहे आणि हॉर्न मनात आलं तरच वाजतो. मित्रांनो, तुम्ही मला बघून नाक मुरडता, त्याचं मला काही वाटत नाही. पण एका दुपारी मला उन्हात उभं करून माझ्यासमोरच माझी किंमत काढली गेली, ते मात्र मी विसरलेलो नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसती केबिन आणि सांगाडा होतो. मागचा हौदा एका सुताराने बांधला. त्यात तिरक्या लाकडी चौकटी बसवून त्यांवर जाड गाद्या ठोकल्या, कारण मला काचा वाहायच्या होत्या. माणसापेक्षा उंच, जेमतेम करंगळीएवढ्या जाडीच्या काचा. माझे मालक, ज्यांना घरी सगळे बाबा म्हणत, मला स्वतः चालवत. रस्ता कसलाही असो, त्यांनी माझ्या पोटातलं पाणी हलू दिलं नाही. सात वर्षांत एकही काच तडकली नाही, असं काच कारखान्याचा मॅनेजर इतर गाडीवाल्यांना ऐकवत असे. तेव्हा मला दर रविवारी अंघोळ होती.

पुढे बाबांचे गुडघे गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे दादा, माझ्या सीटवर आला आणि धाकटी ताई कामं मिळवू लागली. दोघं मेहनती, पण एकमेकांशी सरळ बोलतील तर शपथ. माझंही अंग कुरकुरू लागलं होतं. एका चढावर माझ्या स्प्रिंगचा पाटा मोडला आणि अकरा काचांचा चुरा झाला. मॅनेजरने सांगून टाकलं, महिनाअखेरीला नवी गाडी दिसली नाही तर काम दुसऱ्याला जाईल.

म्हणून आम्ही नव्या ट्रकांच्या शोरूमला गेलो. तिथला विक्रेता इतका गोड बोलत होता की ताईने त्याला हळूच ‘गुळाची ढेप’ म्हणायला सुरुवात केली. आल्या आल्या त्याने माझी किल्ली मागितली. तपासणीला लागते म्हणाला. मग माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाने ठोकलं, दार दोनदा आपटलं आणि हसत म्हणाला, “साहेब, हे भंगारात, वजनावरच जाणार.”

दादाने मान डोलावली. मित्रांनो, तो बूट मला लागला नाही. ती मान लागली.

नवा लाल ट्रक मला काचेतून दिसत होता. दादा त्याच्या सीटवर बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि विक्रेत्यादेखत म्हणाला, “हाच घ्यायचा.” ताईचा चेहरा उतरला. समोरच्याला एकदा कळलं की तुमचं मन बसलंय, की तो दमडी सोडत नाही.

नंतरचे तीन तास माझ्या बॉनेटवर कागद पसरून काढले गेले. विक्रेता फक्त महिन्याचा हप्ता सांगत होता. ताई एकच विचारत होती: विमा, नोंदणी, सगळं धरून एकूण किती? आकडा आला, त्यात रंगाचं पॉलिश होतं, सीटची कव्हरं होती, कुणी न मागितलेली वाढीव हमी होती. तिने एकेक खोडलं. तो वरच्या साहेबांना विचारून येतो म्हणून आत जायचा आणि दर वेळी आणखी दुःखी चेहरा करून यायचा. शेवटी त्याने नव्या ट्रकचे पन्नास हजार कमी केले. दादा खूश. ताईने कागद उलटून पाहिला, तर तेच पन्नास हजार माझ्या किमतीतून कापलेले. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

तिने पर्समधून दुसऱ्या, शहराबाहेरच्या विक्रेत्याने लिहून दिलेला भाव काढला. गुळाच्या ढेपेने तो कागद वाचलाही नाही. दादाकडे वळून त्याने हलकेच विचारलं, “साहेब, तुमच्या घरात व्यवहार बायका बघतात का?”

तेवढं पुरलं. दादा ताईला माझ्या मागे घेऊन आला आणि दात-ओठ खात म्हणाला, “चार लोकांत माझी लाज काढतेस. गाडी मी चालवणार की तू?”

“तू चालवणार,” ताई म्हणाली. “पण पाच वर्षं हप्ते फेडायला दोघं लागणार. त्याने तुला डिवचलं आणि तू माझ्यावर उलटलास. हेच त्याला हवं होतं.”

दादाने तोंड फिरवलं. ताई सरळ विक्रेत्याकडे गेली आणि किल्ली मागितली. विक्रेता म्हणाला, किल्ली तपासनिसाकडे आहे आणि तो जेवायला गेलाय. अर्ध्या तासाने म्हणाला, तो बाहेर गेलाय, तोवर बुकिंगच्या कागदावर सही करून टाका.

तेव्हा दादा चालत आला. घासाघीस त्याला कळत नसेल, पण अठराव्या वर्षापासून तो गाड्यांवर होता, आणि चालकाच्या हातातली किल्ली कुणी दाबून ठेवत नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

“किल्ली देताय ना?” त्याने विचारलं.

“साहेब, बसा तर खरं, पाणी घ्या…”

दादा बसला, पण माझ्या सीटवर. अवजारांच्या पेटीतून चपटा स्क्रू ड्रायव्हर काढून त्याने माझ्या किल्लीच्या झिजलेल्या खाचेत घातला. मी आयुष्यात इतक्या जिवाच्या आकांताने कधी सुरू झालो नव्हतो. दोनदा खोकलो, तिसऱ्यांदा पेटलो आणि साठलेला सगळा काळा धूर त्या चकचकीत काचेवर ओकलो. ताई पळत येऊन चढली. विक्रेता मागून नवा भाव ओरडत होता. कुणी वळून पाहिलं नाही.

शहराबाहेरचा तो दुसरा विक्रेता नुसता खडूस होता. बसाही म्हणाला नाही. पण एकूण आकडा पहिल्याच दमात सांगितला. अंगणात दोन महिने धूळ खात एक राखाडी ट्रक उभा होता, ताईने नेमका तोच मागितला आणि आणखी भाव पाडला. तो म्हणाला, याच्या खाली गेलो तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. ताई उठली आणि दारापर्यंत गेली. दादाचा जीव वरखाली होत होता, पण या वेळी त्याने तोंड शिवून घेतलं होतं. तिने उंबरा ओलांडल्यावर हाक आली. पहिल्या शोरूमच्या शेवटच्या भावापेक्षा सव्वा लाख कमी, आणि तेही लिहून.

माझ्याबद्दल खडूस एवढंच म्हणाला, “मला दिलात तर भंगाराचाच भाव देईन. बाहेर विका, चार पैसे जास्त येतील.” खरं बोलला. एका वीटवाल्याने मला नेलं. दुसऱ्या दिवशी दादा एकटाच पहिल्या शोरूमला जाऊन माझी किल्ली भांडून घेऊन आला. वीटवाल्याच्या हातात ती देताना त्याने माझ्या दारावर थाप मारली. माफी मागायची त्याला सवय नाही.

मित्रांनो, घासाघीस जरूर करा. घामाचा पैसा आहे, तो कुणाच्या गोड बोलण्यावर उधळू नका. एकूण किती ते विचारा, लिहून घ्या, आणि उठून जायची तयारी ठेवा. पण ज्याच्या जागी नवा आणायचा, तो तिथेच उभा असतो. त्याने ओझी वाहिलेली असतात. त्याच्यादेखत परक्याच्या हो ला हो मिळवू नका.

आता मी विटा वाहतो. त्या फुटल्या तरी कुणाला फारसं वाईट वाटत नाही. परवा पुलावर राखाडी ट्रक समोरून आला. ताई चालवत होती. शेजारी बसलेला दादा तिच्यावर खेकसत होता, तीही उलट खेकसत होती. त्या भांडणात माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मी चाकं कठड्याला टेकवली आणि त्यांना जाऊ दिलं. मागे काचा उभ्या होत्या. एकही हलत नव्हती.