मुरलेलं पाणी

नळाला पाणी आलं की पंचफुलाबाईंच्या अंगात वारं शिरायचं. औंढ्यातल्या त्यांच्या गल्लीत नळ तीन-चार दिवसांआड येतो. आला की जुनं पाणी अंगणात, भांडी घासून लख्ख आणि ताजं पाणी घरात, हा त्यांचा कायदा. सगळी गल्ली तो पाळायची. शेजारची बेबीबाई तेवढी आळशी. तिच्या पिंपातलं पाणी हलता हलत नसे.

"बेबीच्या घरी पाणी लोणच्यावानी मुरतंय," असं पंचफुलाबाई चारचौघींत म्हणायच्या.

अशा या पंचफुलाबाईंच्या घरात सून सीमानं शोभेचे डिस्कस मासे आणले. बशीसारखे गोल, लालचुटुक आणि भारी नखरेल. त्यांच्यासाठी ती एक ड्रम भरून उघडा ठेवी. दोन दिवसांनी त्यातलं थोडं थोडं पाणी कोमट करून काचेच्या टाकीत घाली. पंचफुलाबाईंना ते बघवत नसे. मुक्या जिवांना शिळं पाणी!

एके दिवशी सीमा कामाला हिंगोलीला गेली आणि त्याच सकाळी नळ आला. पंचफुलाबाईंनी मोठ्या मायेनं ड्रम अंगणात रिता केला, टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि नळाचं गारेगार पाणी ओतलं.

घटकाभरात मासे काळवंडले. एका कोपऱ्यात गोळा होऊन धापा टाकू लागले. पंचफुलाबाईंना सून रागावेल ही भीती होतीच, पण मासे मरतील ही त्याहून मोठी. त्यांनी फोन लावला.

"आत्याबाई, नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असतंय," सीमा म्हणाली. "ते उडून जावं म्हून मी पाणी ठेवते. गार बी चालत न्हाई त्यांना. ड्रममधलं कोमट करून घाला लवकर."

"ड्रम म्या ओतून दिला ग."

"मग कुणाकडं साठवलेलं पाणी हाय का बघा."

साठवलेलं? आज तर गल्लीनं झाडून सगळं पाणी ओतलं होतं, त्यांच्याच शिकवणीनं. एक घर सोडून. पंचफुलाबाईंनी पदर खोचला, अभिमान गिळला आणि बेबीबाईचं दार गाठलं.

"बेबे, शिळं पाणी हाय का ग?"

"काहून? नावं ठेवायला?"

"न्हाई ग माय. लई गरज हाय. मासे मरून राहिले."

बेबीबाईनं हंडा भरून घेतला आणि धावतच आली. दोघींनी पाणी चुलीवर ठेवलं, लेकराच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघितलं आणि टाकीतलं थोडं काढत, हे थोडं घालत बसल्या. संध्याकाळी सीमा आली तेव्हा मासे पुन्हा लाल होऊन मिरवत होते. पंचफुलाबाईंना आनंदानं रडूच आलं.

पुढच्या वेळी नळ आला. बेबीबाईला काय सुचलं कुणास ठाऊक, आता आपणही गल्लीसारखं वागावं म्हणून तिनं पिंप उलटायला धरलं.

"बेबे!" भिंतीवरून पंचफुलाबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "ओतू नको ग! मुरू दे!"